ठिबकची नळी आणि क्लोरीन: पॉलिथिलीनच्या रचनेत काय बदलते आणि शेतात काय सांभाळावे

जुन्नर आणि आंबेगाव या तालुक्यांतील बागायती शेतीला कुकडी, मीना आणि घोड या नद्यांवरील माणिकडोह, येडगाव, वडज आणि डिंभे या धरणांनी पाणी दिले, आणि ते पाणी पिकाच्या मुळाशी पोहोचवण्याचे काम गेल्या काही दशकांत प्लॅस्टिकने आपल्याकडे घेतले. नारायणगाव परिसरातील द्राक्षबागांमध्ये आणि टोमॅटोच्या प्लॉटमध्ये अंथरलेल्या ठिबकच्या काळ्या नळ्या, बेडवरचा मल्चिंग पेपर, शेततळ्यातील कागद, पॉलिहाऊसचे आच्छादन आणि घरावरची पाण्याची टाकी या सगळ्या वस्तू दिसायला वेगवेगळ्या असल्या तरी त्यांचे मूळ द्रव्य एकच असते, आणि ते म्हणजे पॉलिथिलीन. या द्रव्याची क्लोरीनशी वारंवार गाठ पडते. कालव्याच्या आणि शेततळ्याच्या पाण्यातील शेवाळ व जिवाणूंचा चिकट थर काढण्यासाठी ठिबक संचाला क्लोरीन प्रक्रिया दिली जाते, तर ग्रामपंचायतीचा जलसुरक्षक पिण्याच्या पाण्यात टीसीएल पावडर, म्हणजेच ब्लिचिंग पावडर, टाकत असतो.

या गाठीबद्दल दोन टोकाचे समज आढळतात. क्लोरीनने नळी खराब होते, म्हणून ती प्रक्रिया नकोच, असा एक समज. आणि नळीचे प्लॅस्टिक टणक असल्यामुळे औषध जितके जास्त तितकी सफाई चांगली, असा दुसरा. दोन्ही समज अर्धवट आहेत, कारण क्लोरीन पॉलिथिलीनवर एकाच पद्धतीने काम करत नाही. कारखान्यातील क्लोरीन वायू पॉलिथिलीनच्या रेणूत शिरून त्याचे मऊ रबर बनवतो, तर पाण्यात विरघळलेला क्लोरीन त्याच रेणूचे ऑक्सिडीकरण करून त्याला ठिसूळ बनवतो. यांपैकी कोणती क्रिया घडेल आणि ती किती वेगाने घडेल, हे तीव्रता, तापमान, वेळ आणि पाण्याचा सामू (पीएच) यांवर ठरते. आणि या चारही गोष्टी शेतकऱ्याच्या हातात असतात.

पॉलिथिलीनची मूळ रचना

पॉलिथिलीन हे कार्बन आणि हायड्रोजन या दोनच मूलद्रव्यांचे बनलेले बहुवारिक, म्हणजे लहान रेणू एकमेकांना जोडून तयार झालेला लांबलचक साखळीरेणू आहे. या साखळीत कार्बनचे हजारो अणू एकापुढे एक जोडलेले असतात आणि प्रत्येक कार्बनला दोन हायड्रोजन अणू चिकटलेले असतात. हे द्रव्य १९३३ मध्ये इंग्लंडमधील आयसीआय या कंपनीच्या प्रयोगशाळेत अतिउच्च दाबाखाली प्रथम हाती लागले. त्यानंतर १९५३ मध्ये जर्मन रसायनशास्त्रज्ञ कार्ल त्सीग्लर यांनी उत्प्रेरकाच्या साहाय्याने ते कमी दाबाखाली तयार करण्याची रीत शोधली. पहिल्या रीतीने मिळणाऱ्या साखळीला जागोजागी फांद्या फुटलेल्या असतात, तर दुसऱ्या रीतीने मिळणारी साखळी जवळजवळ सरळ असते.

हा फरक व्यवहारात फार महत्त्वाचा ठरतो. सरळ साखळ्या कडब्याच्या पेंढीतील ताटांप्रमाणे एकमेकींलगत दाट रचल्या जातात आणि त्यांचे पातळ स्फटिकी पापुद्रे तयार होतात. फांद्या असलेल्या साखळ्यांना असे दाट बसता येत नाही, म्हणून त्यांच्यात विस्कळीत, म्हणजे अस्फटिकी, भाग जास्त राहतो. पाणीपुरवठ्याच्या जाड नळीसाठी वापरले जाणारे एचडीपीई हे सरळ साखळ्यांचे, कडक आणि अधिक घनतेचे द्रव्य आहे. ठिबकच्या लॅटरलसाठी, म्हणजे पिकाच्या ओळीतील बारीक नळीसाठी, मात्र बहुधा एलएलडीपीई वापरतात. त्यात मुद्दाम छोट्या फांद्या ठेवलेल्या असल्यामुळे नळी लवचीक राहते, गुंडाळता येते आणि सहजासहजी चिरत नाही.

स्फटिकी पापुद्रे एकमेकांपासून सुटे नसतात. काही साखळ्या एका पापुद्र्यातून बाहेर पडून मधल्या विस्कळीत भागातून जातात आणि दुसऱ्या पापुद्र्यात शिरतात. या बांधणीच्या साखळ्यांमुळेच पॉलिथिलीन वाकते, ताणले जाते, पण तुटत नाही. बाहेरून येणारा कोणताही वायू किंवा द्रव दाट पापुद्र्यांमध्ये शिरू शकत नाही. तो विस्कळीत भागातूनच आत जातो, आणि नेमक्या याच भागात बांधणीच्या साखळ्या असतात. क्लोरीनचा घाव नळीच्या वजनाच्या मानाने अगदी थोड्या द्रव्यावर पडूनही तिची ताकद का घटते, याचे उत्तर या मांडणीत आहे.

कारखान्यातील क्लोरिनीकरण

क्लोरिनीकरण म्हणजे पॉलिथिलीनच्या साखळीवरील हायड्रोजनच्या काही अणूंच्या जागी क्लोरीनचे अणू बसवणे. कारखान्यात पॉलिथिलीनची बारीक भुकटी पाण्यात खळखळत ठेवून किंवा योग्य द्रावकात विरघळवून तिच्यात क्लोरीन वायू सोडतात आणि उष्णता, अतिनील प्रकाश किंवा एखादे आरंभक रसायन यांच्या साहाय्याने क्रियेला सुरुवात करून देतात. क्लोरीनच्या रेणूचे दोन तुकडे होऊन एकटे, अत्यंत क्रियाशील अणू तयार होतात. अशा कणांना मुक्तमूलके म्हणतात. असा एक क्लोरीन अणू साखळीवरचा एक हायड्रोजन खेचून घेतो आणि त्याचा हायड्रोजन क्लोराइड बनतो. त्यामुळे उघडा पडलेला कार्बन दुसऱ्या क्लोरीन रेणूतील एक अणू आपल्याकडे घेतो आणि त्या रेणूचा उरलेला अणू पुढच्या हायड्रोजनकडे वळतो. अशा रीतीने एका सुरुवातीतून असंख्य प्रतिस्थापने घडत जातात आणि बसलेल्या प्रत्येक क्लोरीनमागे हायड्रोजन क्लोराइडचा एक रेणू बाहेर पडतो.

क्लोरीनचा अणू हायड्रोजनपेक्षा बराच मोठा असतो आणि तो साखळीवर ठरावीक अंतराने न बसता कुठेही बसतो. त्यामुळे पूर्वी दाट बसणाऱ्या साखळ्यांना मध्ये मध्ये उंचवटे येतात आणि स्फटिकी पापुद्रे तयार होण्यास अडथळा होतो. वजनाने सुमारे ३५ टक्के क्लोरीन बसला, म्हणजे साधारणपणे दर पाच कार्बनमागे एकावर क्लोरीन आला, की स्फटिकी भाग जवळजवळ नाहीसा होतो आणि कडक, मेणचट पॉलिथिलीनच्या जागी मऊ, रबरासारखे द्रव्य मिळते. त्याला क्लोरिनीकृत पॉलिथिलीन किंवा व्यापारी भाषेत सीपीई म्हणतात. वायरीच्या वरच्या आवरणात, फ्रीजच्या दाराच्या चुंबकीय पट्टीत आणि पीव्हीसीच्या खिडक्या चटकन तडकू नयेत म्हणून त्यांच्या मिश्रणात हे द्रव्य वापरले जाते.

क्लोरीन आणखी वाढवत नेला, तर मात्र मऊपणा वाढत नाही. क्लोरीनमुळे साखळ्यांमध्ये विद्युत्‌ध्रुवीयता येते, त्या एकमेकींना ओढून धरू लागतात, आणि द्रव्य पुन्हा कडक होत जाते. या मोजपट्टीवर पीव्हीसीचे स्थान लक्षात ठेवण्याजोगे आहे. पीव्हीसी पॉलिथिलीनपासून बनवत नाहीत, ते क्लोरीन आधीच असलेल्या वेगळ्या रेणूंपासून बनते. पण त्याच्या साखळीत दर दोन कार्बनमागे एकावर क्लोरीन असतो आणि वजनाने तो जवळपास ५७ टक्के भरतो. म्हणजे एकाच शेतातील ठिबक संचात पीव्हीसीची मेन आणि सबमेन नळी अर्ध्या कार्बनांवर क्लोरीन घेऊन आलेली असते, तर तिला जोडलेल्या पॉलिथिलीनच्या लॅटरलवर क्लोरीनचा एकही अणू नसतो. दोन्ही नळ्या एकाच पाण्याला वेगवेगळ्या रीतीने तोंड देतात, याचे कारण हेच आहे.

पाण्यातील क्लोरीन काय करतो

ठिबक संचात सोडलेला क्लोरीन कारखान्यातील क्लोरीनपेक्षा पुष्कळ वेगळा वागतो. सोडियम हायपोक्लोराइटचे द्रावण किंवा टीसीएलची निवळी पाण्यात मिसळली की मुख्यतः हायपोक्लोरस आम्ल आणि हायपोक्लोराइट आयन असे दोन घटक तयार होतात. या दोघांतील प्रमाण सामूवर अवलंबून असते. सामू ६.५ च्या आसपास असताना सुमारे नऊ दशांश क्लोरीन हायपोक्लोरस आम्लाच्या रूपात असतो, सामू ७.५ झाला की तो निम्म्यावर येतो, आणि ८.५ ला जेमतेम एक दशांश उरतो. जंतू मारण्यात हायपोक्लोरस आम्ल कितीतरी प्रभावी असते, म्हणून जास्त सामूच्या विहिरीच्या पाण्यात तेवढाच क्लोरीन टाकूनही परिणाम कमी दिसतो आणि शेतकरी मात्रा वाढवत नेतो.

नळीच्या दृष्टीनेही सामूला तितकेच महत्त्व आहे. हायपोक्लोराइट हा विद्युतभारित आयन असल्यामुळे तेलकट स्वभावाच्या पॉलिथिलीनमध्ये तो जवळजवळ शिरत नाही. हायपोक्लोरस आम्लावर भार नसतो, त्यामुळे ते पृष्ठभागातून थोडे आत जाऊ शकते. सामू ४ च्या खाली गेला, तर पाण्यात प्रत्यक्ष क्लोरीन वायू विरघळलेल्या अवस्थेत वाढू लागतो आणि तो मात्र पॉलिथिलीनमध्ये सहज मुरतो. आम्ल आणि क्लोरीन एकत्र सोडणे म्हणजे शेतातील नळीला कारखान्यातील परिस्थितीच्या जवळ नेणे होय.

नेहमीच्या सौम्य मात्रेत पाण्यातील क्लोरीन साखळीवर फारसे प्रतिस्थापन करत नाही. तो आधी नळीतील रक्षक द्रव्ये खातो. पॉलिथिलीन तयार करताना त्यात ऑक्सिडीकरणरोधक रसायने अल्प प्रमाणात मिसळलेली असतात आणि ती स्वतः खर्ची पडून साखळ्यांचे रक्षण करतात. क्लोरीनच्या संपर्कात नळीच्या आतल्या थरातील हा साठा हळूहळू संपतो. तो संपल्यावर विस्कळीत भागातील साखळ्यांवर ऑक्सिजनयुक्त गट तयार होतात, साखळ्या तुटून आखूड होतात आणि बांधणीच्या साखळ्या निकामी झाल्यामुळे आतला पातळ थर ठिसूळ बनतो. दाबाच्या चढउताराने त्या थराला बारीक चिरा पडतात, चिरा भिंतीतून पुढे सरकतात आणि एके दिवशी नळी जोडाशेजारी किंवा वाकलेल्या जागी फुटते. बाहेरचा काळा रंग तसाच चकचकीत असल्यामुळे हा बिघाड वरून दिसत नाही. नळीतील काजळी, जी सुमारे २ ते ३ टक्के असते, ती सूर्याच्या अतिनील किरणांपासून रक्षण करण्यासाठी मिसळलेली असते; आतल्या बाजूच्या क्लोरीनपासून वाचवणे हे तिचे काम नव्हे.

मात्रा, वेळ आणि क्रम

क्लोरीन प्रक्रियेचे तीन प्रकार व्यवहारात रूढ आहेत. पाणी सतत खराब असेल तर प्रत्येक पाळीत अगदी सौम्य मात्रा सोडून शेवटच्या ड्रीपरपाशी १ ते २ पीपीएम मुक्त क्लोरीन राहील असे पाहतात. पीपीएम म्हणजे दहा लाख भागांत एक भाग, अर्थात एक हजार लिटर पाण्यात एक ग्रॅम. पाणी मध्यम असेल तर ठरावीक काळाने १० ते २० पीपीएमची मात्रा अर्धा ते एक तास देतात. नळ्या चिकट थराने जवळजवळ बंद झाल्या असतील तर काही वेळा शेकडो पीपीएमची तीव्र मात्रा दिली जाते; ही शेवटची पायरी असून ती पीक उभे असताना देऊ नये आणि दरवर्षीची सवय तर मुळीच करू नये, कारण नळीतील रक्षक द्रव्यांचा सर्वांत मोठा खर्च याच प्रक्रियेत होतो.

मात्रा अंदाजाने न टाकता हिशेबाने काढावी. समजा, संचातून ताशी २०,००० लिटर पाणी वाहते आणि १० पीपीएम क्लोरीन हवा आहे, तर ताशी २०० ग्रॅम क्लोरीन लागेल. सोडियम हायपोक्लोराइटचे द्रावण १० टक्के क्लोरीनचे असेल, तर एका लिटरमध्ये सुमारे १०० ग्रॅम क्लोरीन असतो, म्हणून ताशी २ लिटर, आणि अर्ध्या तासासाठी १ लिटर द्रावण पुरते. टीसीएल ३० टक्क्यांची असेल, तर त्याच कामासाठी ताशी सुमारे ६७० ग्रॅम पावडर लागते. मात्र डब्यावर छापलेली टक्केवारी ताज्या मालाची असते. उन्हात ठेवलेल्या द्रावणाचा आणि ओल लागलेल्या पावडरीचा क्लोरीन झपाट्याने उडतो; भीमाशंकरकडील आणि नाणेघाटाकडील पावसाळी पट्ट्यात तर उघडे राहिलेले पोते काही आठवड्यांत निकामी होऊ शकते. म्हणून शेवटच्या नळीतून बाहेर येणाऱ्या पाण्याची ग्रामपंचायतीत वापरतात तशी ओटी चाचणी किंवा बाजारातील पट्टीची चाचणी घेऊनच मात्रा कमी-जास्त करावी. पाण्यात शेवाळ जास्त असेल तर क्लोरीनचा बराच भाग वाटेतच खर्च होतो आणि शेवटी काहीच उरत नाही.

टीसीएल वापरताना एक गोष्ट विशेष सांभाळावी लागते. ही पावडर पूर्णपणे विरघळत नाही आणि तिच्यातील चुना खाली बसतो. ती थेट व्हेंचुरीतून, म्हणजे द्रावण संचात ओढून घेणाऱ्या उपकरणातून, सोडली तर ड्रीपर साफ होण्याऐवजी चुन्याने बंद होतात. पावडर आदल्या दिवशी प्लॅस्टिकच्या पिंपात पाण्यात ढवळून ठेवावी, साका खाली बसू द्यावा आणि वरची निवळीच गाळून वापरावी. द्रावण फिल्टरच्या आधी सोडल्यास फिल्टरमधील चिकट थरही सुटतो. मात्र अशा वेळी प्रक्रियेनंतर फिल्टर लगेच उघडून धुवावा.

प्रक्रियेची वेळ सायंकाळची किंवा पहाटेची निवडावी. उघड्या शेतातील काळी नळी उन्हाळ्यात दुपारी हाताला चटका बसेल इतकी तापते आणि तापमान वाढले की ऑक्सिडीकरणाचा वेगही वाढतो. नळीच्या आत अंधार असल्यामुळे तेथे क्लोरीन सूर्यप्रकाशाने उडून जात नाही, म्हणजे दुपारी साठवून ठेवलेले क्लोरीनयुक्त पाणी तापलेल्या भिंतीवर बराच वेळ काम करत राहते. पाणी नळ्यांत साठवून ठेवायचे असेल तर ते रात्री ठेवावे, आणि उजाडताच प्रथम मेन, नंतर सबमेन आणि शेवटी लॅटरलचे एन्ड कॅप उघडून, गढूळ पाणी थांबेपर्यंत संच फ्लश करावा.

आम्ल, खते आणि औषधे यांच्याशी गाठ

दख्खनच्या काळ्या पाषाणातून येणारे विहिरींचे पाणी बहुधा जड असल्यामुळे ड्रीपरच्या तोंडाशी पांढरा क्षार साचतो आणि तो काढण्यासाठी हायड्रोक्लोरिक आम्लाची प्रक्रिया द्यावी लागते. आम्ल आणि क्लोरीन यांची प्रक्रिया कधीही एका वेळी, एका पिंपात किंवा एका व्हेंचुरीतून देऊ नये. दोन्ही एकत्र आले की पिवळसर हिरवा, गुदमरवणारा क्लोरीन वायू बाहेर पडतो. तो हवेपेक्षा सुमारे अडीच पट जड असल्यामुळे पंपघरात, विहिरीच्या कठड्याखाली आणि खड्ड्यातील व्हॉल्व्हपाशी साचून राहतो. मोकळ्या शिवारातही तो धोकादायक ठरतो. दोन प्रक्रियांमध्ये किमान एका दिवसाचे अंतर ठेवावे, मध्ये संच साध्या पाण्याने फ्लश करावा आणि पिंप, पाइप व मापे दोन्हींसाठी वेगळी ठेवावीत. आम्ल नेहमी पाण्यात ओतावे, पाणी आम्लात ओतू नये; हातमोजे आणि चष्मा वापरावा आणि वाऱ्याकडे पाठ करून काम करावे.

युरिया, अमोनियम सल्फेट आणि इतर अमोनियायुक्त खते यांच्याबरोबर क्लोरीन आल्यास क्लोरॅमाइन नावाची संयुगे तयार होतात, क्लोरीनची ताकद वाया जाते आणि तीव्र द्रावणांचा संपर्क झाल्यास स्फोटक संयुगेही तयार होऊ शकतात. म्हणून फर्टिगेशनच्या, म्हणजे ठिबकमधून खत देण्याच्या, दिवशी क्लोरीन देऊ नये आणि टीसीएलचे पोते खतांच्या, डिझेलच्या किंवा कीटकनाशकांच्या शेजारी ठेवू नये. जीवामृत, स्लरी, ट्रायकोडर्मा किंवा इतर जिवाणू खते ठिबकमधून दिली जात असतील, तर ती क्लोरीन प्रक्रियेपूर्वी देण्यात अर्थ नाही. त्यांच्यातील उपयुक्त जीवही क्लोरीनने मरतात. संच पूर्ण फ्लश करून नंतरच्या पाळीत ती द्यावीत.

नळी तपासण्याची रीत

आतला थर ठिसूळ झाला आहे की नाही, हे पाहण्यासाठी प्रयोगशाळा लागत नाही. हंगाम संपल्यावर द्रावण सोडण्याच्या ठिकाणाजवळच्या लॅटरलचा वीतभर तुकडा कापावा, कारण क्लोरीनची तीव्रता तेथे सर्वांत जास्त असते. तसाच एक तुकडा शेवटच्या टोकाचा आणि शक्य असल्यास त्याच लॉटच्या न वापरलेल्या, सावलीत ठेवलेल्या नळीचा घ्यावा. तिन्ही तुकडे लांबीच्या दिशेने चिरून आतली बाजू वर येईल असे उघडावेत आणि तिरप्या उजेडात पाहावेत. निरोगी नळीची आतली बाजू गुळगुळीत व मेणचट दिसते. बिघडलेल्या नळीवर आडव्या, केसाइतक्या बारीक चिरांची जाळी किंवा राखाडी, निस्तेज पट्टा दिसतो. नंतर प्रत्येक तुकड्याची बोटभर रुंद पट्टी आतली बाजू बाहेर येईल अशी घडी घालून दाबावी. निरोगी पट्टी वाकते आणि हळूहळू पूर्ववत होते. बिघडलेली पट्टी घडीवर तडकते.

लॅटरलबरोबर जोडाचे भागही तपासावेत. टेकऑफखालचे रबरी ग्रोमेट आणि दाब-नियंत्रित ड्रीपरमधील लवचीक पडदा यांना क्लोरीन आणि आम्ल यांचा त्रास नळीइतकाच, कित्येकदा अधिक होतो. एका ओळीतील ड्रीपरांचा प्रवाह मोजताना काही ड्रीपर इतरांपेक्षा जास्त पाणी देऊ लागले असतील, तर तेथे अडथळ्यापेक्षा पडदा खराब झाल्याची शक्यता अधिक असते आणि क्लोरीनची मात्रा वाढवून उपयोग होत नाही. खरेदी करताना लॅटरलवर भारतीय मानक १२७८६ आणि इनलाइन नळीवर भारतीय मानक १३४८८ यांचे चिन्ह आहे का, हे पाहावे. शंका असल्यास नारायणगाव येथील ग्रामोन्नती मंडळाच्या कृषी विज्ञान केंद्रात तुकडा दाखवून सल्ला घेणे सोयीचे ठरते.

शेततळे, टाकी आणि पॉलिहाऊस

शेततळ्यातील कागद लॅटरलपेक्षा पातळ असतो आणि बदलायला फार महाग पडतो. शेवाळ मारण्यासाठी टीसीएल मुठीने तळ्यात भिरकावण्याची सवय त्याला घातक ठरते, कारण न विरघळलेले कण कागदाच्या घड्यांमध्ये आणि तळाच्या कोपऱ्यांत जाऊन बसतात आणि तेवढ्या जागी क्लोरीनची तीव्रता तळ्यातील सरासरीच्या कितीतरी पट होते. तळ्यात मासे असतील तर क्लोरीनचा विचारच करू नये. तळ्यावर सावली, आत येणाऱ्या पाण्याला गाळण आणि संचाच्या तोंडाशी वाळूचा फिल्टर या उपायांनी क्लोरीनची गरजच कमी होते.

पिण्याच्या पाण्याच्या टाकीतही हेच तत्त्व लागू पडते. एक हजार लिटर पाण्याला ३३ टक्के क्लोरीनची सुमारे ५ ग्रॅम टीसीएल पावडर पुरते. ती बादलीत विरघळवून, निवळी टाकीत ओतून, अर्धा तास थांबून वापरावी. भारतीय मानक १०५०० नुसार पिण्याच्या पाण्यात किमान ०.२ पीपीएम शेष क्लोरीन असावा लागतो. एवढ्या सौम्य मात्रेने एचडीपीईच्या जाड नळीचे रक्षक द्रव्य फार सावकाश खर्च होते, त्यामुळे नळी वाचवण्यासाठी पाण्यातील क्लोरीन कमी करण्याचा विचार कोणत्याही गावाने करू नये. आजाराचा धोका नळीच्या झिजेपेक्षा कितीतरी मोठा आहे.

पॉलिहाऊसच्या आणि द्राक्षबागेवरील आच्छादनाच्या कागदाला क्लोरीन वेगळ्या वाटेने त्रास देतो. या कागदात उन्हापासून रक्षण करणारी अमाइन प्रकारची स्थिरीकारक रसायने असतात. भुरीसाठी वापरलेले गंधक आणि क्लोरीनयुक्त बुरशीनाशके यांचे विघटन होऊन आम्लधर्मी पदार्थ तयार होतात, आणि ते या अमाइनांना निष्प्रभ करतात; त्यानंतर कागद उन्हानेच फाटतो आणि दोष मात्र कंपनीला किंवा वाऱ्याला दिला जातो. म्हणून फवारा कागदावर न मारता पिकावर मारावा, फवारणीनंतर हवा खेळती ठेवावी आणि गंधकाचे बाष्पीभवन करणारी भांडी कागदापासून दूर टांगावीत.

निरुपयोगी प्लॅस्टिक वेगळे करणे

साखळीवर क्लोरीन आहे की नाही, यावरच जुन्या प्लॅस्टिकची किंमत आणि धोका ठरतो. पॉलिथिलीन पाण्यापेक्षा हलके, म्हणजे घन सेंटिमीटरला ०.९१ ते ०.९७ ग्रॅम असते आणि पाण्यावर तरंगते. पीव्हीसीची घनता सुमारे १.४ असल्यामुळे ते बुडते, आणि ३५ टक्के क्लोरीनचे सीपीईही बुडते. नळीचा नखाएवढा, स्वच्छ पुसलेला तुकडा साबणाचा एक थेंब टाकलेल्या पाण्यात बुडवून सोडला की ही ओळख लगेच पटते. साबणामुळे हवेचे बुडबुडे तुकड्याला चिकटून निष्कर्ष चुकत नाही. मात्र चुन्याची भुकटी भरलेला स्वस्त मल्चिंग पेपर पॉलिथिलीनचा असूनही बुडू शकतो, हे ध्यानात ठेवावे.

भंगारात देताना लॅटरल, मल्चिंग पेपर आणि पीव्हीसी पाइप यांचे ढीग वेगळे ठेवावेत. पुनर्वापराच्या कारखान्यात पॉलिथिलीनबरोबर पीव्हीसीचे थोडे तुकडे वितळले गेले, तरी त्यांतून हायड्रोजन क्लोराइड सुटतो, यंत्र गंजते आणि नव्या नळीत कमकुवत काळे ठिपके पडतात. बांधावर पेटवण्याने प्रश्न सुटत नाही. शुद्ध पॉलिथिलीन जळताना धूर होतो, पण पीव्हीसी त्यात मिसळले असेल तर हायड्रोजन क्लोराइडची आम्लधर्मी वाफ आणि डायॉक्सिनसारखी विषारी संयुगे हवेत जातात.

या सगळ्या विवेचनातून व्यवहारासाठी एक क्रम निघतो. गाळण आणि फ्लशिंग नियमित ठेवून क्लोरीनची गरज कमी करावी. गरज पडल्यास सामू तपासून, हिशेबाने काढलेली सौम्य मात्रा गारव्याच्या वेळी द्यावी. आम्ल, खत आणि क्लोरीन यांना एकमेकांपासून दूर ठेवावे. आणि वर्षातून एकदा नळीचा तुकडा चिरून पाहावा. नळीच्या आतल्या थरात भरलेले रक्षक द्रव्य कारखान्यातून एकदाच मिळते आणि शेतात त्याची भर घालता येत नाही, म्हणून ते किती वर्षे पुरवायचे, याचा निर्णय प्रत्येक प्रक्रियेच्या वेळी पिंपात मोजून टाकलेल्या मापाने होत असतो.